लाटण्याला मोजा

मिनेसोटातल्या जुन्या लुथेरन चर्चला दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर देव, खालच्या मजल्यावर कॉफी. वरचा कारभार पाळक बघतात, रविवारी तासभर. खालचा कारभार बायका बघतात आणि तो आठवडाभर चालू असतो. वर काही चुकलं तर देव क्षमा करतो, अशी या पंथाची शिकवण आहे. खाली काही चुकलं, म्हणजे समजा कॉफीच्या मोठ्या भांड्याची तोटी कुणी अर्धवट उघडी ठेवली, तर क्षमेची सोय नाही.

आमच्या शेजारच्या आजी या खालच्या मजल्याच्या. जन्म 1937चा. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याची नात, शेतकऱ्याची बायको, आणि पुढे मुलांनी शेती विकल्यावर आमच्या शेजारी राहायला आलेल्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. स्थानिक पेपरात मजकूर आला की त्यांचं येशूवर, कुटुंबावर आणि बागेवर प्रेम होतं. मागे मुलं, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा परिवार आहे. फुलांऐवजी चर्चला देणगी द्यावी. असा मजकूर तिथल्या प्रत्येक आजीबद्दल येतो. नाव बदलायचं आणि बागेच्या जागी विणकाम घालायचं, की झालं. यातून आजींबद्दल काहीही कळत नाही, म्हणून हा लेख.

अमेरिकेत पंच्याऐंशी वर्षांच्या बाईलाही एकेरी नावाने हाक मारायची पद्धत आहे. माझ्या जिभेला ते झेपेना. मी ‘आजी’ म्हणायला लागलो आणि त्यांनी, ते आपलं भारतीय नाव असावं अशा समजुतीने, चालवून घेतलं.

आता या पंथाचं मर्म थोडक्यात सांगायला हवं, त्याशिवाय आजींची गंमत कळणार नाही. 1517 साली मार्टिन लुथरने जे भांडण काढलं ते पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवरून. त्याचं म्हणणं, तारण मिळतं ते देवाच्या कृपेने, विश्वासातून. सत्कर्मांच्या बदल्यात ते घेता येत नाही. म्हणजे तुम्ही कितीही राबा, खात्यात काही जमा होत नाही. आपल्याकडे एकादशी केली की थोडं, पोथी वाचली की थोडं, गाईला घास घातला की थोडं, असं पुण्य साठत जातं आणि चित्रगुप्त लिहून घेतो. आजींच्या धर्मात चित्रगुप्ताची जागाच भरलेली नाही. आणि तरी ही बाई पहाटे पाचला उठून चर्चच्या जेवणासाठी पोतंभर बटाटे सोलायची. मी एकदा न राहवून विचारलं, “आजी, याचं पुण्य मिळत नाही म्हणता, मग कशाला?”

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. “अरे, बटाटे कुणीतरी सोलायला नकोत का?”

ही परंपरा थेट लुथरच्या घरातून आलेली आहे. त्याची बायको काथरिना फॉन बोरा मूळची मठातली जोगीण. 1523 साली ईस्टरच्या सुमारास ती आणि तिच्या मैत्रिणी मठातून पळाल्या. कशा, तर सांगतात की मासळीची पिंपं वाहणाऱ्या गाडीतून. म्हणजे लुथेरन धर्मात मासळीचा वास अगदी पायापासून आहे. 1525 साली तिने लुथरशी लग्न केलं आणि विटेनबर्गमधल्या त्या रिकाम्या मठाचा संसार ओढला. सहा मुलं, शेती, डुकरं, घरची बिअर आणि जेवायला कायम विद्यार्थ्यांचा तांडा. लुथर जेवताना जे बोलायचा ते हे विद्यार्थी टिपून घ्यायचे. त्याचा पुढे मोठा ग्रंथ झाला. टेबलावरचं जेवण कुठून आलं याची नोंद घ्यायला मात्र कुणाकडे शाई उरली नाही. लुथर स्वतः तिला चेष्टेने ‘मालक’ म्हणायचा. आजींना ही बाई फार आवडायची. लुथरबद्दल त्यांचं मत एवढंच होतं, की बोलणारा माणूस होता.

त्याच लुथरने 1529 साली घरोघरी शिकवायला छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना वगैरे एकेक कलम आणि त्यामागे ठरलेला प्रश्न: याचा अर्थ काय? दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचं पक्कं सभासद होण्याच्या विधीच्या वेळी, चौदा-पंधराव्या वर्षी, ती सगळ्या मंडळीसमोर पाठ म्हणून दाखवायची. आजींनी ती दाखवली होती आणि तेव्हापासून तो प्रश्न त्यांच्या अंगात भिनला होता. माझ्या मुलाने नवा फोन दाखवला, बँकेचं पत्र आलं, हवामान खात्याने ‘किंचित बर्फ’ म्हटलं, नातीने नाकात रिंग घातली, सगळ्याला एकच विचारणा, याचा अर्थ काय? नातीने पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. पुढच्या ख्रिसमसला आजींनी तिला रिंग स्वच्छ करायचं औषध भेट दिलं.

आजी जन्मभर डाव्या बाजूला, मागून तिसऱ्या बाकावर बसल्या. (पहिल्या चार रांगा या चर्चमध्ये कोण कधी वापरतं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्या शोभेच्या असाव्यात.) बाक तेच राहिलं, पण त्या बाकाखालून पंथाची नावं मात्र सारखी सरकत गेली. जन्मल्या तेव्हा ते ‘नॉर्वेजियन लुथेरन’ होतं. 1946 साली त्यातला नॉर्वे गळाला. 1960 साली दुसऱ्या लुथेरनांशी विलीनीकरण झालं. 1988 साली आणखी मोठं विलीनीकरण झालं. या सगळ्याबद्दल आजी काही बोलल्या नाहीत, कारण पाट्या रंगवायचं काम पुरुषांकडे होतं. गीतांचं पुस्तक बदललं तेव्हा मात्र त्या दुखावल्या. 1958चं पुस्तक लाल होतं. 1978 साली हिरवं आलं. ते हिरवं पुस्तक अठ्ठावीस वर्षं ‘ते नवीन’ होतं आणि आजी त्यातून नाइलाजाने गात होत्या. 2006 साली किरमिजी रंगाचं तिसरं पुस्तक आलं आणि त्या रविवारपासून हिरवं पुस्तक एका रात्रीत ‘आपलं जुनं’ झालं.

1970 साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या लुथेरन पंथांनी बायकांना पाळक व्हायची मुभा दिली. आमच्या चर्चमध्येही सध्या पास्टरबाई आहेत. आजींना मी विचारलं, कशा वाटतात? म्हणाल्या, “बोलतात छान. कॉफी पातळ करतात.”

कॉफीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. स्कँडिनेव्हियन चर्चमधली खास कॉफी अंड्याची असते. कॉफीच्या पुडीत कच्चं अंडं, कधीकधी कवचासकट, कालवायचं आणि तो लगदा उकळत्या पाण्यात सोडायचा. गाळ त्या अंड्याला धरून बसतो आणि वर तांबूस, नितळ कॉफी राहते. मिनेसोटाच्या राज्य जत्रेतही ती विकत मिळते. माझी आई सांगलीहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने आजींकडची ही कॉफी रोज दुपारी प्यायली आणि “यांच्या हाताला चव आहे” असं फोनवरून चार नातेवाइकांना कळवलं. आई कट्टर शाकाहारी. मी तिला काही सांगितलं नाही. हा लेख छापून आला की बघू.

शाकाहार ही कल्पना आजींना समजायला वेळ लागला असं नाही. उलट त्यांना ती फार लवकर समजली. “म्हणजे चिकन थोडंच घालायचं,” त्या म्हणाल्या. त्यांचं मुख्य अस्त्र ‘हॉटडिश’. काचेच्या चौकोनी भांड्यात खिमा, डब्यातल्या शेंगा, त्यावर कॅम्पबेलचं डबाबंद मशरूम सूप, त्यावर बटाट्याच्या छोट्या गुंडाळ्यांची फरसबंदी, आणि सगळं ओव्हनमध्ये. हे सूप 1934 सालापासून बाजारात आहे आणि तिकडे त्याला गमतीने ‘लुथेरन बाइंडर’ म्हणतात, कारण समाज त्यानेच एकत्र चिकटून आहे. हॉटडिशच्या शेजारी हिरवी गार जेली असते, आत किसलेलं गाजर तरंगत असतं. तिला सॅलड म्हणायचं. मिरपुडीकडे धाडस म्हणून बघतात.

आणि डिसेंबरच्या आगेमागे लुटफिस्क. वाळवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग साबण करतात त्या क्षाराच्या पाण्यात ठेवायचा, आणि मग तो क्षार जाईपर्यंत दिवसचे दिवस पाणी बदलत राहायचं. शेवटी उकडला की थरथरतो. चांदीच्या काट्याने खायचा नाही, चांदी काळी पडते. मिनेसोटातलं मॅडिसन नावाचं गाव स्वतःला लुटफिस्कची राजधानी म्हणवतं आणि तिथे फायबरग्लासचा पंचवीस फुटी कॉड उभा केलेला आहे. माझा एक मित्र देवगडचा, सुकटीवर वाढलेला. त्याला मी मोठ्या विश्वासाने चर्चच्या लुटफिस्क जेवणाला नेला. तो पानाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हा मासो मेल्यार किती वर्सां झाली?” आजींनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, वेळ विचारतोय.

सगळ्यात बघण्यासारख्या आजी असायच्या त्या नोव्हेंबरात, लेफ्सा करताना. लेफ्सा म्हणजे नॉर्वेची बटाट्याची पोळी. उकडलेला बटाटा चाळणीतून काढायचा, लोणी आणि साय घालून थंड करायचा, मैदा घालून मळायचा आणि ताटाएवढी, आरपार दिसेल अशी लाटायची. एका वर्षी तेव्हा आई इथेच होती. आजींनी तिला बोलावलं, मी दुभाष्या म्हणून गेलो आणि पाच मिनिटांत निरुपयोगी ठरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. आई सांगलीच्या मराठीत बोलत होती, आजी मिनेसोटाच्या इंग्रजीत, आणि दोघींनाही भाषा वेगळी असल्याचं लक्षात आल्याचं दिसत नव्हतं.

पोळपाट गोल, हातभर रुंद, त्यावर कापड ताणून बसवलेलं आणि कापडात पीठ जिरवलेलं. लाटणं जाडजूड, अंगावर बारीक खाचा पाडलेलं. आजींनी ते खणातून काढलं आणि त्यावर पांढरा विणलेला लांबोडका मोजा चढवला, पीठ चिकटू नये म्हणून.

“अगं बाई, लाटण्याला मोजा घातलाय की!” आई म्हणाली आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघून तिने स्वतःच उलगडा केला. “थंडीच तेवढी आहे हितं.”

आजींनी लाटायला घेतलं. मधून कडेकडे, कडेकडे, हात वजन न टाकता फिरत होता. मग एक लांब, चपटी, पट्टीसारखी काठी पोळीच्या मधोमध खालून सारली, पोळी तिच्यावर ओणवी उचलली आणि विजेच्या मोठ्या गोल तव्यावर अलगद उलगडली. एक सुरकुती नाही. आई ते पाहून गप्प झाली. आई गप्प होणं ही पुरणपोळीच्या बाबतीत आमच्या घराण्यात कधी न घडलेली गोष्ट. मग तिने पदर खोचला, आजींच्या हातातून लाटणं काढून घेतलं, त्याचा मोजा ओढून बाजूला टाकला आणि उघड्या लाटण्याने एक लेफ्सा लाटून दाखवली. चिकटली नाही. आजींनी मोजा उचलला, पीठ झटकलं, घडी करून खणात ठेवला. बाकीच्या सगळ्या लेफ्सा त्या दिवशी आईनेच लाटल्या. आजी काठी सांभाळत होत्या. दोन मुख्यमंत्र्यांचं आघाडी सरकार इतक्या सुरळीत चाललेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तंटा झाला तो खाताना. लेफ्साला लोणी फासायचं, साखर भुरभुरायची, सुरळी करायची. आईने एक खाल्ली, “बरी आहे, पण झोपल्यासारखी लागते,” असं म्हणून घरी गेली आणि चटणीची बरणी घेऊन आली. सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, लालभडक. तो तेलात कालवून तिने लेफ्साला लावला आणि आजींच्या हातात दिला. नाही म्हणणं हे लुथेरन रीतीत बसत नाही. आजींनी घास घेतला. चेहरा लाल गाजराच्या रंगाचा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, त्या शांतपणे उठल्या, नळाखाली ग्लास धरला, प्यायल्या, पुन्हा धरला, पुन्हा प्यायल्या. मग येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “हे वेगळं आहे.” थोड्या वेळाने, “गुंटूरला असंच खातात का?”

आजींचा भारत म्हणजे गुंटूर. त्याचं कारण चर्चची मासिकं. अमेरिकेतल्या लुथेरनांनी परदेशी पाठवलेला पहिला मिशनरी, फादर हायर, 1842 साली गुंटूरला पोचला. पुढे डॉ. अ‍ॅना कुगलर 1883 साली तिथे गेल्या आणि 1898 साली त्यांचं बायकांचं इस्पितळ उभं राहिलं. 1988च्या विलीनीकरणात हा सगळा इतिहास आजींच्याही वाट्याला आला. गुंटूरहून सांगली सहाशे किलोमीटरच्या वर आहे, हे मी त्यांना नकाशावर दाखवलं होतं. “म्हणजे शेजारीच,” त्या म्हणाल्या. त्यांच्या शेतापासून शिकागो साधारण तेवढंच.

या हायरची पुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. हा गृहस्थ गुंटूरहून परतल्यावर 1857च्या सुमारास थेट मिनेसोटात आला आणि 1860 साली इथल्या लुथेरन मंडळ्यांच्या संघाचा पहिला अध्यक्ष झाला. वर्षानुवर्षं गुंटूरचं पाणी आणि गुंटूरची मिरची चाखलेला माणूस, आणि समोर मिनेसोटाचा उकडलेला बटाटा. 1869 साली, वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर, तो पुन्हा बोटीत बसला आणि आंध्रात परत गेला. इतिहासकार याची धार्मिक कारणं देतात. मला मिरचीचा संशय आहे.

बरणी आईने आजींकडेच ठेवली. आजींनी तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून जाड अक्षरांत लिहिलं, ‘भारत. सावधान.’ आणि ती फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी उभी केली. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला अशी पट्टी असायची. चर्चच्या जेवणाला नेलेली भांडी परत घरी यावीत म्हणून बुडाला नाव लिहायची तिथली पद्धत आहे. आजींचं नाव तालुक्यातल्या अर्ध्या तळघरांतून भांड्यांच्या बुडाला सापडेल.

मंगळवारी गोधड्या. जुने पडदे, चादरी, जावयांच्या पँटी, सगळ्याचे चौकोन कापून साठ बाय ऐंशी इंचाच्या गोधड्या व्हायच्या आणि लुथेरन वर्ल्ड रिलीफ ही संस्था त्या दुष्काळात, युद्धात, भूकंपात सापडलेल्या देशांना पाठवायची. एखाद्या गोधडीचं कौतुक केलं तर आजी लगेच तिच्यातला वाकडा टाका शोधून दाखवायच्या. कौतुक अंगाला लागू द्यायचं नाही, हा नियम. त्यांच्या मुलाला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्या म्हणाल्या, “कामात राहील बिचारा.”

निरोप घेणं हा तर त्यांचा वेगळाच सोहळा. “चला, निघते” म्हणून मांडीवर थाप मारली की पुढचा पाऊण तास नक्की. टेबलापाशी एकदा, कोट घालताना एकदा, दारात, पायरीवर, मग गाडीत बसून काच खाली करून एकदा, आणि उणे वीस तापमानात आम्ही सपाता घालून बाहेर. अशी बाई एका रात्री झोपेतच, कुणाला काही न सांगता निघून गेली, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला नीट पटलेलं नाही.

अंत्यविधीची सूचना त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. कागद बायबलमध्ये सापडेल असं मुलीला वाटलं. तो फ्रीझरच्या दारावर होता. गीतं लाल पुस्तकातली. उपदेश बारा मिनिटं. स्तुती नको. हॅम पातळ कापावा, बनपावाला लोणी दोन्ही बाजूंनी. पास्टरबाई साडेबाराव्या मिनिटाला थांबल्या तेव्हा मागच्या बाकांवर दोन-तीन घड्याळं खाली गेली. दफन तेव्हा झालंच नाही. जमीन लोखंडासारखी गोठलेली होती, ते मे महिन्यात होणार होतं. जेवण मात्र लगेच.

चर्चमधल्या बायकांची मंडळं असतात, रूथ, नाओमी, मार्था अशी बायबलमधल्या बायकांच्या नावांची, आणि अंत्यविधीचं जेवण पाळीपाळीने एकेका मंडळाकडे. त्या महिन्यात पाळी रूथ मंडळाची होती, म्हणजे आजींच्याच. तळघराच्या फळ्यावर यादी होती आणि तिच्यात ‘गोड वड्या’ या कामापुढे आजींचं नाव होतं. सगळ्या बायका जरा घुटमळल्या. मग मुलगी घरी गेली, फ्रीझर उघडला, आणि तिथे ट्रे तयार होता, वर पट्टी: ‘अंत्यविधी. कुणाचाही.’

वड्या फस्त झाल्या. शेवटची वडी रिवाजाप्रमाणे कुणी उचलेना. एकीने अर्धी केली, दुसरीने त्यातली अर्धी, आणि ट्रे निमूटपणे फिरत राहिला. मी भरलेल्या अंड्यांच्या ताटापाशी उभा होतो. उकडलेली अर्धी अंडी, आतला पिवळा बलक मेयोनेजमध्ये घोटून परत भरलेला, वर लाल ठिपका. गेली काही वर्षं आजींची ही अंडी चर्चमध्ये नावाजलेली होती, आणि आज मंडळाने ती त्यांच्याच कार्डावरून केली होती. रूथ मंडळाच्या अध्यक्षीण बाईंनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं. अंडी चोवीस, मेयोनेज, मोहरी, मीठ, आणि शेवटी आजींच्या अक्षरात: दातकोरणीच्या टोकावर मावेल इतकं ‘सावधान’.

“हे ‘सावधान’ म्हणजे नेमकं काय?” त्यांनी विचारलं. “तिची बरणी संपत आलीय. आणि ईस्टरला दोनशे माणसं आहेत.”

मी जिन्यात जाऊन सांगलीला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं. आधी रडली. मग म्हणाली, “अंड्यात घालत होत्या? माझी चटणी? शिव शिव शिव.” जरा वेळ नुसताच श्वास ऐकू आला. “दोनशे माणसांना किती लागंल? दोन किलो पाठवू का?”